पत्ता बदला, पण जुनी लिंक मरू देऊ नका

पंचगंगा चढायला लागली की कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी दोनच आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. कितव्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, 2019 आणि 2021 ला काय झालं, हे सगळं मी ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या मोफत ब्लॉगसेवेवर लिहीत आले. दर पावसाळ्यात त्या लिंक पेठेतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतात. त्यामुळे ब्लॉग तिथून वर्डप्रेसवर, स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्यावर) न्यायचा ठरला तेव्हा माझी अट एकच होती, जुनी एकही लिंक मेली नाही पाहिजे.

हे काम दिवाळीनंतर काढा. जून ते सप्टेंबर हात लावू नका.

डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साईट बनवून देणाऱ्या पोराच्या खात्यावर अजिबात नको. तो उद्या पुण्याला गेला की तुमचा पत्ताही त्याच्याबरोबर जातो.

आता खरी गोम. डोमेन घेतलं की लगेच वर्डप्रेसकडे वळवू नका. आधी ते जुन्या ब्लॉगरलाच जोडा. सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेन आहे, तिथे मिळणाऱ्या दोन सीनेम नोंदी (हे नाव कुठल्या पत्त्याकडे न्यायचं ते सांगणाऱ्या ओळी) डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदवहीत भरा. एकदा हे जुळलं की ब्लॉगरच्या जुन्या, ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या डोमेनवर, त्याच लेखावर पोचतो. पुढे डोमेन दुसऱ्या होस्टिंगकडे (साईट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरकडे) वळवलं तरी ब्लॉगर माणसं तिकडे पाठवतच राहतो.

मग ब्लॉगरमधून बॅकअपची फाईल उतरवून घ्या, होस्टिंगवर वर्डप्रेस टाका आणि ब्लॉगर इम्पोर्टर या त्याच्या प्लगिनने लेख आत घ्या. डोमेन अजून ब्लॉगरकडेच असल्यामुळे नवी साईट बघायला आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाईलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी आणि डोमेनचं नाव लिहा. म्हणजे नवी साईट फक्त तुम्हाला दिसेल.

वर्डप्रेसच्या पर्मालिंक सेटिंगमध्ये, म्हणजे लेखांच्या पत्त्याचा साचा ठरतो तिथे, कस्टम स्ट्रक्चर निवडा. वर्ष, महिना, पोस्टनेम आणि शेवटी डॉट एचटीएमएल, अगदी ब्लॉगरसारखं. आता प्रत्येक लेखाचा स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा, जुन्या पत्त्याशी ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. शीर्षक फक्त मराठीत असलं की ब्लॉगर पत्त्यात ते गाळून टाकतो आणि नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट_17’ असलं काहीतरी ठेवतो. दिसायला कसंही असो, लोकांकडे तोच पत्ता आहे. तोच ठेवा.

नव्या लेखांना मात्र स्लग रोमन लिपीत, आखूड द्या. वर्डप्रेस स्लगला 200 अक्षरांची जागा देतो आणि आपलं एकेक देवनागरी अक्षर, एकेक मात्रा तिथे नऊ-नऊ खाते. ‘पंचगंगेची पाणीपातळी राजाराम बंधारा’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘राजा’वरच तुटतो.

सगळं जुळलं की डीएनएसमधला टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ लक्षात राहते तो काळ) 300 सेकंदांवर आणा. एक दिवस थांबून जुन्या सीनेमऐवजी नव्या सर्व्हरची नोंद करा. होस्ट्स फाईलमधली ओळ काढून टाका. लगेच साईट https वर सुरक्षित उघडण्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट घ्या. ते 90 दिवसांचं असतं, आपोआप नवं होतंय ना हे होस्टिंगवाल्याला विचारून ठेवा. मग दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरून, व्हॉट्सअॅपमधल्या एखाद्या जुन्या लिंकवर बोट ठेवून बघा. शेवटी ‘एम=1’ असलेली लिंकही तपासा, कारण मोबाईलवरून पुढे पाठवलेल्या बऱ्याच लिंकना ते शेपूट असतं.

फोटो कुठून येताहेत तेही बघा. लेख नव्या घरी आणि फोटो अजून गूगलच्या सर्व्हरवर, असं सर्रास होतं. महत्त्वाचे फोटो, विशेषतः पाण्याच्या खुणांचे, उतरवून स्वतःच्या मीडिया लायब्ररीत टाका.

आणि काम झालं म्हणून जुना ब्लॉग डिलीट करू नका. लोकांना नव्या पत्त्यावर पाठवण्याचं काम तोच करतोय.