अद्भुत कादंबरीतली पात्रं: पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्यांसाठी

गोव्यात आणि तळकोकणात वेताळाला किंवा राखणदार देवचाराला चामड्याच्या चपला वाहतात. समजूत अशी, की तो रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात. पात्र कसं उभं करावं याचा एवढा नेटका नमुना दुसरा सापडणं कठीण. राखणदाराचं काम, त्याची हद्द, त्या कामाची झीज आणि ती भरून देणारं गाव, सगळं एका चपलेत आलं. त्याची ताकद किती, याबद्दल अवाक्षर नाही. तरी तो खरा वाटतो.

नवखा लेखक नेमकं उलटं करतो. आधी शक्ती ठरवतो: आगीवर ताबा, दुसऱ्याचं मन वाचण्याची विद्या, तीनशे वर्षांचं आयुष्य. मग त्या शक्तीला नाव आणि तलवार देतो. ऐंशी पानांनंतर हे पात्र कशातच अडकत नाही, कारण प्रत्येक पेचावर त्याच्याकडे उपाय तयार असतो. लेखक मग आणखी बलदंड खलनायक आणतो, आणि पुढे सगळी चढाओढच उरते.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पात्राचं टिपण अर्ध्या पानात करावं आणि त्यात डोळ्यांचा रंग, आवडता पदार्थ वगैरे लिहू नये. तो पोट कशावर भरतो, कुणाचं देणं लागतो, शक्ती असूनही काय करू शकत नाही, आणि शक्ती वापरली की काय गमावतो, एवढं पुरे. चौथ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. ‘थकवा येतो’ हे उत्तर कुचकामी, कारण थकवा झोपेने जातो. किंमत परत न मिळणारी आणि शक्यतो मोजता येणारी हवी. समजा, पाऊस पाडू शकणारी एक बाई आहे आणि प्रत्येक पावसामागे तिच्याच परसातल्या विहिरीचं पाणी हातभर खाली जातं. विहिरीत चौदा हात पाणी आहे हे एकदा सांगून टाकलं, की वाचक स्वतः मोजायला लागतो. गावाला पाऊस हवा असतो, सुनेला विहीर, आणि बाईला दोघांपैकी कुणाला दुखवायचं नसतं. कथानक इथून आपोआप निघतं, वेगळं शोधावं लागत नाही.

आपल्याकडच्या भुताखेतांना असे नियम आधीपासूनच आहेत. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, त्याचा मुक्काम पिंपळावर. साती आसरांचं ठाणं पाण्याकाठी. चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. ही नुसती नावं उसनी घेण्यात अर्थ नाही. मुंजाच्या जागी रक्तपिपासू सरदार बसवून पाहावा. प्रसंग जसाच्या तसा चालला, तर त्या प्रसंगात मुंजा कधी नव्हताच. मुंजा खरोखर असेल तर प्रसंगात लग्न, वय किंवा अर्धवट राहिलेला संस्कार यांपैकी काहीतरी अडलेलं असायला हवं.

आता पात्रांच्या बोलण्याकडे. मराठीत लेखकाच्या हातात तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत, शिवाय अहो, अगं, अरे, नातं आणि हुद्दा. सहा मुख्य पात्रं असतील तर सहा ओळी, सहा रकान्यांचा तक्ता आखावा. स्वतःची घरं सोडली तर तीस घरं उरतात. प्रत्येक घरात कोण कोणाला काय म्हणतं ते लिहावं, आणि कोणत्या प्रकरणात ते बदलतं तेही. सेनापती राणीला सतराव्या प्रकरणात पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो, तेव्हा वेगळ्या भांडणाची गरज राहत नाही. तक्ता नसला की दुसऱ्या प्रकरणातलं ‘तुम्ही’ नवव्यात विनाकारण ‘तू’ होतं आणि जाणता वाचक तिथेच थबकतो.

हाच प्रश्न निवेदनालाही लागू आहे. ‘राणी आली’ की ‘राणीसाहेब आल्या’? प्रकरण दासीच्या नजरेतून असेल तर निवेदनातही ‘त्या’, राणीच्या नजरेतून असेल तर ‘ती’. हे पहिल्या पानाआधी ठरवावं. अर्धी कादंबरी झाल्यावर बदलायचं म्हटलं तर प्रत्येक क्रियापद हाताने दुरुस्त करावं लागतं.

अमानवी पात्रांची अडचण याहून मजेशीर आहे. झाडात राहणारा, देह नसलेला जीव ‘मी आलो’ म्हणणार की ‘मी आले’? ‘मी आलं’ तर कानाला खटकतं. (कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा तिकडचं पात्र असेल तर हा भेद आणखी जपून हाताळावा.) यातून सुटायची वाट व्याकरणातच आहे. ‘मी पाहिलं’, ‘मला कळलं’, ‘मी येईन’, ‘मी आहे’ या रचनांत बोलणाऱ्याचं लिंग उघड होत नाही. ‘मी येतो’, ‘मी होते’ यांत होतं. तो जीव पूर्ण कादंबरीभर फक्त पहिल्या प्रकारच्या वाक्यांत बोलला, तर वाचकाला कारण कळणार नाही, पण हा आवाज माणसाचा नव्हे हे जाणवत राहील. अशा पात्राचे सगळे संवाद वेगळ्या कागदावर काढून एका बैठकीत तपासावेत.

शब्दसंग्रहाचा निर्णय सगळ्यात आधी घ्यायचा आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत. ‘किल्लेदाराने फौजेला हुकूम दिला’ लिहिलं की मराठेशाही डोळ्यांपुढे येते; ‘दुर्गपालाने सेनेला आज्ञा दिली’ लिहिलं की पुराण. दोन्ही चालतात, पण एकाच तोंडी दोन्ही आले की जग विस्कटतं. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो याच फारसी-संस्कृत प्रश्नासाठी. कारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, त्यामुळे हुद्द्यांच्या आणि वस्तूंच्या जोड्या शोधायला तो आजही उपयोगी. मात्र सोवळेपणा अंगाशी येतो. फक्त, हवा, जमीन, बाग हे शब्दही बाहेरूनच आलेले. ते काढायला गेलात तर पात्रं संगीत नाटकातल्यासारखी बोलू लागतात. चांगला तोडगा म्हणजे निवेदन साध्या चालू मराठीत ठेवायचं आणि फरक जमातींमध्ये वाटायचा: किनाऱ्यावरच्या लोकांना एक शब्दभांडार, राजधानीला दुसरं. बोलीचा वापर करायचा तर मालवणी किंवा अहिराणी जशीच्या तशी न आणता तिची दोन-तीन वळणंच घ्यावीत. आणि बोली फक्त नोकरांच्या तोंडी घालण्याची जुनी खोड कृपया सोडावी.

नावं ठरवताना विभक्ती लावून पाहावी. सातारा असतो, पण आपण साताऱ्याला जातो. म्हणजे तुमचं काल्पनिक ‘तेरवडे’ही ‘तेरवड्याला’ होणार. नायकाचं नाव ‘मोरा’ असेल तर ‘मोराने’ की ‘मोऱ्याने’? एकदा ठरवून शैलीपत्रकात, म्हणजे नावं-रूपं कशी लिहायची याच्या स्वतःच्या यादीत, लिहावं. ला, ने, चा, हून आणि हाक मारतानाचं रूप, या पाचांतून जे नाव सुखरूप बाहेर पडतं तेच ठेवावं. मध्येच नाव बदललं तर संगणकाचं ‘शोधा-बदला’ ‘मोरा’ शोधतं, ‘मोऱ्याने’ तसंच राहतं, आणि छापील पुस्तकात दोन नावांचा एक माणूस हिंडतो. वीरसेन, विक्रम, विजयसिंह अशी एकाच अक्षराची टोळी टाळावी. वाचक पहिल्या अक्षरावरच माणूस ओळखत असतो. पहिल्या दहा हजार शब्दांत चारापेक्षा जास्त नावं आणि पाचापेक्षा जास्त बनवलेले शब्द नकोत.

अंतर आणि वेळ यांत हातचलाखी लगेच पकडली जाते. माणूस पायी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो, एकच घोडा रोज पळवायचा तर चाळीस-पन्नास, आणि बुणग्यांसह, म्हणजे सामान आणि बिनलढाऊ माणसांसह, निघालेली फौज पंधरा-वीस. घाट आला की हे आकडे निम्म्यावर आणावेत, पावसाळ्यात नद्या भरल्या की कधी शून्यावर. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरावा. घड्याळ नसलेल्या जगात ‘पाच मिनिटांनी’ लिहू नये; प्रहर तीन तासांचा, घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं, एवढ्यावर काम भागतं. मिरची, बटाटा, मका, काजू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, म्हणून तुमच्या पुराणकालीन भासणाऱ्या राज्यात ठेचा वाढायचा असेल तर समुद्रापलीकडचा व्यापारही असायला हवा. व्यापार म्हटलं की नाणेघाट पाहून यावा: सातवाहनांचा लेख, खाली उतरणारी कोकणची वाट आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. घाटाच्या तोंडाशी बसून पैसे गोळा करणारा एक कारकून दहा सरदारांपेक्षा जास्त गोष्टी पुरवतो.

वाचनाचं म्हणाल, तर फक्त अद्भुत कादंबऱ्या वाचून अद्भुत कादंबरी लिहिता येत नाही. तिची नक्कल तेवढी येते. त्रिं. ना. आत्रे यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ वाचावं. बलुतं, वतन, हक्क, मानपान यांचा एवढा तपशील तिथे आहे, की काल्पनिक गाव उभारायला अर्धं सामान मिळतं. गद्याच्या लयीसाठी लीळाचरित्रातल्या छोट्या वाक्यांचे संवाद मोठ्याने वाचावेत. गोष्टीत गोष्ट कशी बसवायची हे पाहायचं तर सोमदेवाचा अकराव्या शतकातला कथासरित्सागर. त्याचं मूळ असलेली गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडलेली आहे. राजाने नाकारलेल्या सात लाख श्लोकांपैकी सहा लाख त्याने पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळले, अशी दंतकथा आहे. (हस्तलिखित परत आलेल्यांनी एवढ्या थराला जाऊ नये.) शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

इंग्रजी कादंबऱ्यांतल्या परिशिष्टांच्या नादी लागून भाषा, वंशावळ, नकाशे बनवत बसणाऱ्यांसाठी एक हिशेब. टॉल्किन हे भाषांचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या ‘द हॉबिट’पासून (१९३७) ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या मोठ्या कादंबरीपर्यंतची (१९५४-५५) वाट सतरा वर्षांची होती. तुम्हाला पुरेल ते एवढंच: एका पानाचा नकाशा आणि दोन पिढ्यांची वंशावळ. बाकीचं लागेल तेव्हा.

पहिली कादंबरी ऐंशी हजार शब्दांच्या आसपास ठेवावी. डेमी आकारात ती साधारण तीनशे पानं होते. अडीच हजार शब्दांचं एक, अशी बत्तीस प्रकरणं. रोज पाचशे शब्द लिहिले तर पहिला खर्डा साडेपाच महिन्यांत होतो. खर्डा चालू असताना मागे जाऊन सुधारू नये. बदल वहीत टिपावा आणि तो झालाच आहे असं धरून पुढे लिहावं. गाडी बहुतेक विसाव्या प्रकरणाशी अडते, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: मुख्य पात्राने अजून काहीच गमावलेलं नसतं. तिथे नवीन पात्र आणू नये. टिपणातला चौथा प्रश्न काढावा आणि वसुली सुरू करावी.

खर्डा महिनाभर बाजूला ठेवून मोठ्याने वाचावा, मग चार-पाच जणांना पहिली तीस पानं द्यावीत. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. कुठे खाली ठेवलं, कोणती दोन माणसं एकमेकांत मिसळली, पुढे काय होईल असं वाटतं, हे विचारावं.

टंकन युनिकोडमध्येच करावं. जुन्या डीटीपी फाँटमध्ये रूपांतर होताना जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्हा’ मोडतात, म्हणून मांडणीनंतरचं प्रूफ लेखकाने स्वतः वाचावं. लांब पल्ल्याआधी हात बसवायचा तर धनंजय, नवल यांसारखे दिवाळी अंक आहेत. त्यांच्यासाठी कथा पावसाळ्यातच तयार हवी. प्रकाशकाला पहिली तीन प्रकरणं आणि एका पानाचा सारांश पाठवावा, आणि सारांशात शेवट सांगून टाकावा. तो लपवला तर कादंबरी पूर्ण झालेली नाही असाच समज होतो. करारात छापील आवृत्ती, ई-पुस्तक, ऑडिओ आणि अनुवाद यांची कलमं वेगवेगळी आहेत ना, ते सही करण्याआधी पाहावं.