स्टेथो नंतर, आधी मान बघा

पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पोस्टिंग असलेल्या पोरापोरींसाठी सांगतो, आपल्याकडं मराठवाड्यात दमेकरी अन् जुने टीबीवाले पेशंट लई, एक्सरेसाठी पार तालुक्याला पाठवावं लागतं, तर आधी मान नीट बघत जा, पेशंटला सरळ बसवून, हनुवटी मधोमध ठेवून.

गळ्याच्या खालच्या खळगीत बोट ठेवून श्वासनळी चाचपा, पण हळू, नायतर ठसका लागतो. ती पेशंटच्या उजवीकडं किंचित सरकलेली असली तर नॉर्मल धरा. जास्त सरकलेली असली तर डोकं लावायचं, कारण जुन्या टीबीनं आकसलेलं फुफ्फुस तिला स्वतःच्या बाजूला ओढतं, अन् छातीत भरपूर पाणी किंवा हवा साठली तर ती विरुद्ध बाजूला ढकलली जाते. दम प्रचंड, बीपी पडतंय अन् नळी सरकलेली, तर एक्सरेची वाटच बघू नका, हवा काढायची तयारी करा.

चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या बाईच्या कंठमण्याखालच्या कड्याच्या (क्रिकॉइड कूर्चेच्या) खालच्या काठापासून खळगीपर्यंत तीन-चार बोटं बसायला पायजेत, कमी बसली तर फुफ्फुसं फुगलेली समजा.

मानेच्या शिरा पेशंटला ४५ अंशावर टेकवून बघा. फुगल्यात पण उडत नाहीत? छातीतली गाठ शिरेला दाबतीय का बघा. हसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वरची गाठ तर कधीच सोडू नका, टीबी नायतर कॅन्सर असू शकतो.