स्वॅप भरलाय, एवढ्यावरून सर्व्हरला हात लावू नका

महाप्याच्या माझ्या पहिल्या नोकरीत रात्रपाळीला मी एकटीच असायचे. एकदा पहाटे तीनला लिनक्सवरच्या डेटाबेस सर्व्हरचा अलर्ट आला, स्वॅप 90 टक्के भरलाय. स्वॅप म्हणजे रॅममधला मजकूर उतरवून ठेवायची डिस्कवरची जागा. सीनियरला फोन केला. तो झोपेतच म्हणाला, "स्वॅपऑफ कर, मग स्वॅपऑन कर. रिकामा होतो." मी केलं. स्वॅपऑफ म्हणजे स्वॅपमधलं सगळं परत रॅममध्ये आणून तो बंद करणं, स्वॅपऑन म्हणजे पुन्हा सुरू करणं. पुढची चाळीस मिनिटं अ‍ॅप्लिकेशन रखडलं, फोनवर फोन आले. शेवटी रॅम संपल्यावर कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, माझी स्वॅपऑफची कमांडच मारली. अशा वेळी तो स्वॅपऑफलाच पहिला बळी ठरवतो, म्हणून डेटाबेस वाचला. सकाळी घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडली. ऐरोली गेलं तरी माझे हात थरथरत होते.

माझी चूक नीट समजून घ्या, कारण तुम्हीही हीच करणार आहात. स्वॅप किती भरलाय, हा साठा झाला. त्रास होतो तो रॅम आणि डिस्कमध्ये ये-जा सुरू असली की. बराच वेळ कुणी न वापरलेली पेजेस, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, कर्नल डिस्कवर टाकतो आणि ती रॅम फाइल कॅशसारख्या (फाइल्स रॅममध्ये हाताशी ठेवायच्या) कामाला देतो. नंतर रॅम मोकळी झाली तरी कुणी मागेपर्यंत ती पेजेस तिथेच राहतात. म्हणजे आज दिसणारा 90 टक्के आकडा परवाच्या बॅकअपचाही असू शकतो.

म्हणून आधी व्हीएमस्टॅट ही कमांड दर सेकंदाला चालवा आणि एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये आलेलं), एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये गेलेलं) हे दोन रकाने बघा. पहिली ओळ सोडून द्या! ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते; मी ती बघूनही एकदा फसलेय. पुढच्या ओळींत दोन्हीकडे शून्य असेल तर शांतपणे चहा घ्या. दोन्ही आकडे सतत मोठे असतील तर मात्र मशीन खरंच गुदमरतंय. मग प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधलं व्हीएमस्वॅप बघून कुणाची पेजेस बाहेर गेलीत ते शोधा. कर्नल 4.20 किंवा नंतरचा असेल तर मेमरीचं प्रेशर, म्हणजे मेमरीसाठी प्रोसेस किती वेळ अडकून पडतात, तेही वाचता येतं.

स्वॅपीनेस या कर्नलच्या सेटिंगची मूळ किंमत 60 असते. "60 टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू होतो" असं कुणी सांगितलं तर मानू नका. प्रोसेसची पेजेस काढायची की फाइल कॅश, याचा तो फक्त कल आहे, कर्नल 5.8 पासून तो 200 पर्यंत नेता येतो. तो शून्य करून मेमरी लीक, म्हणजे प्रोग्रामनं घेतलेली मेमरी परत न करणं, जात नाही.

कारण न सांगता कमांड देणाऱ्या सीनियरपेक्षा "तू काय पाहिलंस?" असं विचारणारा ज्युनियर जवळ ठेवा. हे मी मनापासून सांगतेय. आणि घाबरू नका, दोन-तीन रात्रींत हे आकडे वाचता येतात.

स्वॅपऑफ करायचाच असेल तर आधी फ्री या कमांडमधला अव्हेलेबल (वापरायला मिळू शकणारी रॅम) रकाना बघा. स्वॅपमध्ये 6 जीबी आणि अव्हेलेबल 2 जीबी असेल तर ती पेजेस परत आणायला जागाच नाही. त्या रात्री माझ्या स्क्रीनवर साधारण हेच आकडे होते.