इंग्लिश सिनॉनिम्स पाठ करताय? मग या चुका टाळा, नाहीतर शब्द वहीतच राहतील

एसएससी (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनची), बँकेची परीक्षा, परदेशात जायला लागणाऱ्या आयईएलटीएस, जीआरई, तयारी कशाचीही चालू असू दे, व्होकॅबची वही उघडली की आत साधारण एकच चित्र दिसतं. डावीकडे एक शब्द, त्याच्यापुढे बरोबरचं चिन्ह (=), मग स्वल्पविराम देत देत सहा-सात सिनॉनिम्स म्हणजे समानार्थी शब्द आणि शेवटी सगळ्यांना मिळून मराठी अर्थ एकच. अक्षर सुंदर, हायलायटर मारलेला, मेहनत भरपूर, आणि तरी मुलं म्हणतात वाचताना सगळं कळतंय पण लिहायला बसलं की एक शब्द सुचत नाही. मग दोष स्मरणशक्तीवर येतो, आणि हेच मला अजिबात पटत नाही, कारण एवढं सगळं पाठ करणाऱ्या मुलांची स्मरणशक्ती चांगलीच असते, गडबड त्या वहीच्या मांडणीत असते.

ते बरोबरचं चिन्ह आधी काढा

थ्रिफ्टी, फ्रूगल, स्टिंजी, मायझर्ली, पार्सिमोनिअस हे सगळे एका ओळीत आणि पुढे अर्थ लिहिलेला कंजूष, अशी ओळ मी कितीतरी वह्यांमध्ये बघितलीये. आता मराठीत आपण आजीला काटकसरी म्हणतो तेव्हा कौतुक करत असतो आणि कुणाला चिक्कू म्हणतो तेव्हा नावं ठेवत असतो, पैसे दोघंही जपूनच खर्च करतायत. इंग्लिशमध्येही तसंच आहे, थ्रिफ्टी आणि फ्रूगल काटकसरीच्या बाजूचे, त्यातही थ्रिफ्टीत पैसा हुशारीने वापरणं येतं आणि फ्रूगलमध्ये थोडक्यात साधेपणाने भागवणं, म्हणून साध्या जेवणाला फ्रूगल मील म्हणता येतं. स्टिंजी आणि मायझर्ली चिक्कूच्या बाजूचे, मायझर्ली जास्तच कडक. पार्सिमोनिअस बोलण्यात फारसा येत नाही, लिखाणात येतो आणि बहुतेक वेळा नापसंतीनेच येतो. इंटरव्ह्यूमध्ये स्वतःची सवय सांगताना आय ॲम फ्रूगल म्हटलं तर समोरच्याला गुण दिसतो, आय ॲम स्टिंजी म्हटलं की तोच माणूस दचकतो.

म्हणून प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहा: चांगल्या अर्थाने आहे की वाईट, किती जोराचा आहे, आणि बोलण्यातला आहे की लिखाणातला. सिनॉनिम्सची यादी सारखेपणा दाखवते, तुम्हाला परीक्षेत आणि आयुष्यात लागतो तो फरक.

जोराचं उदाहरण घ्या. आयईएलटीएस ॲकॅडमिकच्या रायटिंग टास्क 1 मध्ये ग्राफ किंवा चार्टचं वर्णन करायला येतं, तिथे मुलं डिप, डिक्लाइन, प्लमेट हे तिन्ही शब्द 'कमी होणे' म्हणून आलटून पालटून टाकतात, की बघा माझ्याकडे किती शब्द आहेत. पण डिप म्हणजे थोडं खाली येणं, बहुतेक वेळा तात्पुरतं, डिक्लाइन म्हणजे हळूहळू घटत जाणं आणि प्लमेट म्हणजे धाडकन कोसळणं. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलमागे पन्नास रुपयांनी उतरला तर कुणी भाव कोसळले म्हणत नाही, तसंच दोन टक्के घसरणीला प्लमेटेड लिहिलं की तुम्ही ग्राफच चुकीचा वाचलाय असं परीक्षकाला वाटणार. रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हींत लेक्सिकल रिसोर्स, म्हणजे शब्दसंपत्ती, हा चारपैकी एक निकष असतो, म्हणजे 25 टक्के वजन, आणि त्यात शब्द किती अवघड आहेत एवढंच बघत नाहीत, ते नेमके बसलेत का हेही बघतात.

बोलण्यातला की लिखाणातला हा फरक इंग्लिशमध्ये जुन्या इतिहासातून आलाय. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन होतीच, आणि खाली सामान्य माणसाचे अँग्लो-सॅक्सन शब्द चालूच राहिले. त्यामुळे एका गोष्टीला कधीकधी तीन-तीन शब्द सापडतात, आस्क, क्वेश्चन, इंटेरोगेट. आस्क रोजचा, क्वेश्चन जरा गंभीर आणि इंटेरोगेट म्हटलं की पोलीस चौकशी डोळ्यापुढे येते. आईने जेवलास का विचारलं त्याला इंटेरोगेट लिहिलं तर आईवर अन्याय आहे. आपल्याकडे पाणी आणि जल असतंच की, गंगाजल म्हणतो पण गटाराचं जल कुणी म्हणत नाही.

दहा सिनॉनिम्स एकाच दिवशी

ही चूक सगळ्यात जास्त होते कारण ती अभ्यासासारखी दिसते. आज 'राग'चे सगळे शब्द, उद्या 'आनंद'चे सगळे. ऐकायला शिस्तबद्ध वाटतं, पण एकमेकांच्या जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकदम शिकले की डोक्यात ते एकमेकांत अडकतात. यावर भाषाशिक्षणातले संशोधक थॉमस टिंकहॅम यांनी 1993 मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी 1997 मध्ये प्रयोग केले होते, दोन्हींत हेच दिसलं की अर्थाने जवळच्या शब्दांचा गट शिकायला संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो. पुस्तकं मात्र अजूनही गट करूनच छापतात कारण छापायला ते सोपं पडतं.

उपाय काय, तर एका गटातला एकच शब्द आधी पक्का करायचा, इतका की तो न शोधता तोंडात आला पाहिजे. मग चार-पाच दिवसांनी दुसरा घ्यायचा आणि तेव्हा पहिल्याशी तुलना करायची. गट वाईट नाहीयेत, पण ते उजळणीसाठी आहेत, पहिल्यांदा शिकण्यासाठी नाहीत. आणि ज्यांचे दोन शब्द आधीच अडकलेत, उदाहरणार्थ ॲडव्हर्स (प्रतिकूल) आणि अव्हर्स (नावड असलेला), त्यांनी एक शब्द दोन आठवडे चक्क बाजूला ठेवावा, दुसरा घट्ट झाला की मग परत आणावा. दोन्ही रोज समोरासमोर ठेवून घोकलं तर गोंधळच पाठ होतो.

अर्थ बरोबर, वाक्य चूक

एखाद्यावर आरोप करणे, याला ॲक्यूज, चार्ज, ब्लेम असे शब्द यादीत मिळतात. यादीत हे मिळत नाही की ॲक्यूज्ड ऑफ थेफ्ट, चार्ज्ड विथ थेफ्ट, ब्लेम्ड फॉर द थेफ्ट, तिघांच्या मागे तीन वेगळे प्रीपोझिशन. वर चार्ज हा शब्द रीतसर गुन्हा दाखल झाल्यावरचा आणि ब्लेम तर घरातल्या घरातही होतो. तसंच फॉरबिड आणि प्रोहिबिट, फॉरबेड हिम टू गो पण प्रोहिबिटेड हिम फ्रॉम गोइंग. डिस्कस अबाउट आणि एम्फसाइझ ऑन या दोन चुका तर आपल्याकडे इतक्या रुळल्यात की चूक वाटतच नाहीत, दोन्ही शब्दांना मागे काहीच लागत नाही. म्हणून नवा शब्द एकटा लिहूच नका, त्याच्या शेपटीसकट लिहा. एरर स्पॉटिंगचे, म्हणजे वाक्यातली चूक शोधायचे प्रश्न बरेचदा नेमके याच शेपटीवर येतात.

शब्दाची सोबतही बघा. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, धुकं दाट. सोसाट्याचा पाऊस म्हटलं तर अर्थ कळेल, पण बोलणारा मराठी नाही हेही कळेल. इंग्लिशमध्ये हेवी रेन, स्ट्राँग विंड, डेन्स फॉग. आता कुणी वर्डमध्ये हेवीवर राइट क्लिक करून सिनॉनिम बघितला, तिथे वेटी दिसला आणि वेटी रेन लिहून टाकलं, तर निबंध तिथेच पडला. वेटी इश्यू चालतं, वेटी रेन चालत नाही. चहा स्ट्राँग असतो, इंजिन पॉवरफुल असतं, उलट करून चालत नाही. आणि काही शब्द दिसायला साधे पण कल ठरलेला, कॉज घ्या, कॉज डॅमेज, कॉज डिले, कॉज ॲक्सिडेंट्स, जवळजवळ नेहमी वाईटाशीच जोडलेला. माय टीचर कॉज्ड माय सक्सेस लिहिलं की व्याकरण बरोबर असूनही वाचणाऱ्याला खटकतं, तिथे कॉन्ट्रिब्यूटेड टू हवं.

उदाहरण वाक्यं: इथे सगळा खेळ आहे

वहीत वाक्य आहे म्हणजे शब्द आला असं नसतं. 'ही वॉज रिलक्टंट' हे वाक्य बघा, रिलक्टंट झाकला तर तिथे टायर्ड बसतो, हॅपी बसतो, टॉल पण बसतो, म्हणजे या वाक्याने रिलक्टंटबद्दल काहीही सांगितलं नाही. आता हे बघा, 'ही वॉज रिलक्टंट टू सेल द फार्म, बट द बँक लोन लेफ्ट हिम नो चॉइस.' यात तीन गोष्टी एकदम आल्या, मागे टू आणि क्रियापद लागतं, माणसाची इच्छा नाहीये, आणि इच्छा नसताना तो शेवटी ते करतोय. शेती विकणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला माहितीये, त्यामुळे वाक्य विसरणं अवघड आहे.

याच जातीचे दोन शब्द त्याच्या शेजारी ठेवा. 'शी वॉज हेजिटंट टू कॉल द डॉक्टर ॲट मिडनाइट', इथे इच्छा आहे पण करावं की नाही हे ठरत नाहीये. 'माय फादर इज अव्हर्स टू टेकिंग लोन्स', इथे ठरलेली, मुरलेली नावड आहे, आजची गोष्ट नाहीच, आणि टूनंतर टेक येत नाही, टेकिंग येतं. यादीत तिघांपुढे 'नाखूष' एवढंच लिहिलेलं असतं, आणि नाखूष या अर्थावर यातलं एकही वाक्य बनवता येत नाही.

वाक्य तपासायची सोपी पद्धत म्हणजे शब्दाच्या जागी रिकामी रेघ काढायची आणि मित्राला द्यायचं. त्याने शब्द ओळखला किंवा अगदी जवळचा टाकला तर वाक्य पास, तीन भलतेच शब्द बसले तर वाक्य परत लिहा. जीआरईमधला सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचा प्रश्न असाच असतो, एक रिकामी जागा, सहा पर्याय, त्यातले दोन असे निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच राहिला पाहिजे, आणि पर्यायांत सिनॉनिमची अशी जोडीही टाकलेली असते जी वाक्यात बसतच नाही. जीआरईने थेट विरुद्धार्थी शब्द विचारणारे प्रश्न 2011 मध्येच काढून टाकले, तरी मुलं अजून त्याच जुन्या पद्धतीने याद्या पाठ करतात याचं मला खरंच वाईट वाटतं, किती तास जातात त्यात.

वाक्य शक्यतो स्वतःच्या जगातलं घ्या. 4 जुलै 2024 ला टी-20 वर्ल्ड कप जिंकून आलेल्या टीमसाठी मरीन ड्राइव्हवर जी गर्दी उसळली होती ती ज्युबिलंट क्राउड, हे एकदा डोक्यात बसलं की ज्युबिलंट कधी कन्टेन्टमध्ये मिसळणार नाही. दिवाळीच्या फराळानंतर आजोबा खुर्चीत टेकून बसतात ते कन्टेन्ट. एका शब्दाला एक दृश्य, आणि ते दृश्य तुम्ही खरंच पाहिलेलं पाहिजे.

कळतो पण आठवत नाही, तेव्हा

शब्द ओळखणं आणि शब्द काढणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक जण सराव फक्त पहिल्याचा करतात. फ्लॅशकार्डवर पुढे इंग्लिश शब्द, मागे मराठी अर्थ, उलटून बघितलं, हो येतो, पुढचा. हे उलटं करा. पुढे मराठीत प्रसंग लिहा, 'कर्ज घ्यायला बाबांचा कायमचा विरोध', आणि शब्द, प्रीपोझिशन, पूर्ण वाक्य तोंडाने मोठ्याने म्हणा, मगच कार्ड उलटा. अँकीसारखं फ्लॅशकार्डचं ॲप असेल तर उत्तम, नसेल तर कागदाच्या चिठ्ठ्याही चालतात, फक्त उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, अशी लांबवत न्यायची. एका रविवारी बसून शंभर शब्द करणं म्हणजे पुढच्या रविवारी तेच शंभर परत करणं.

डिक्शनरीचंही थोडं. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, चांगलाच आहे, रॉजे नावाच्या डॉक्टरने 1852 मध्ये काढला तेव्हापासून लिहिणाऱ्यांना उपयोगी पडतोय, पण तो शब्द आधीच माहिती असणाऱ्याला आठवण करून द्यायला आहे. शिकणाऱ्याने लर्नर्स डिक्शनरी वापरावी, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड, ऑनलाइन फुकट दिसतात, त्यात शब्दामागे काय लागतं, फॉर्मल आहे का, नापसंतीचा आहे का हे सगळं लिहिलेलं असतं. आणि सगळे अर्थ वाचा, पहिलाच नको. सँक्शन म्हणजे मंजुरी आणि सँक्शन्स म्हणजे निर्बंधही, ओव्हरसाइट म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. एसएससीच्या सीजीएल परीक्षेत टियर 1 म्हणजे पहिल्या टप्प्यात इंग्लिशचे 25 प्रश्न असतात, चुकलं की अर्धा मार्क कापतात, अशा ठिकाणी एकच अर्थ माहिती असणं महागात पडतं.

जुनी वही मात्र फेकू नका. रोज तिच्यातली एक ओळ घ्या, त्यातला एकच शब्द ठेवा, त्याची शेपटी, त्याची सोबत आणि रिकाम्या रेघेच्या परीक्षेत पास होणारं एक वाक्य लिहा, बाकीचे शब्द पेन्सिलने खूण करून पुढच्या आठवड्यासाठी सोडून द्या.