चपलेतला सेन्सर पावसाळ्यात वेडा का होतो? या चुका टाळा

जुलैत उद्यमनगरातल्या मित्राच्या शेडमध्ये आम्ही कोल्हापुरी चपलेच्या तळाला कागदी सेन्सर चिकटवला. पाय कुठं किती दाब देतो, ते बघायचं होतं. कागदावर पेडॉट-पीएसएसचा, म्हणजे पेडॉट आणि पीएसएस मिळून झालेल्या, वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा थर दिला. हे पाण्यात कालवलेलं मिळतं, उग्र सॉल्व्हंट लागत नाही. पण चपलेत पाय घालायच्या आधीच आकडे सरकायला लागले. दोन दिवस प्रोग्रॅम चाळला. दोष हवेत होता.

पावसाळ्यात गूळ जसा पाझरतो, तसं पीएसएस ओल ओढतं. खालचा कागदही ओढतो. त्यामुळं थराचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एवढा हलतो की दाबाचा फरक त्यात बुडून जातो. सेन्सर नीट वाळवून लगेच दोन्ही बाजूंनी मेणकागद लावा, कडा बंद करा. शिवाय तसाच दुसरा सेन्सर दाब न देता शेजारी ठेवा. दोघांचं रीडिंग सोबत सरकलं, तर ती ओल किंवा उष्णता समजायची.

यानंतरचा संशय तारेच्या जोडावर. क्रोकोडाइल क्लिप थरावर चावली की थर तडकतो. सोल्डरिंगनं कागद करपतो. कार्बन पेस्टनं तार चिकटवा आणि सेन्सरला हात न लावता नुसती तार हलवून बघा. आकडा उडाला, तर दुखणं तिथंच.

आमची सगळ्यात लाजिरवाणी चूक मात्र सर्किटातली. सेन्सर 100 किलोओहमचा आणि जोडीला 1 किलोओहमचा रेझिस्टर! दाबल्यावर सेन्सर 90 वर आला, तरी रीडिंग घेणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या 0 ते 1023 या मोजपट्टीवर फरक जेमतेम एका अंकाचा. रेझिस्टर 100 किलोओहमचा केल्यावर तोच फरक 27 अंकांवर गेला.

सेन्सरवर वजनं चढवताना आणि उतरवताना रीडिंग वेगळं येतं, म्हणून दोन्ही नोंदवा. कुठल्या वजनाला कुठला आकडा हे ठरवणं म्हणजे कॅलिब्रेशन, आणि ते नुसतं चढतं केलं तर फसवं.

पेडॉटऐवजी पॉलिअॅनिलीन हे दुसरं वीजवाहक पॉलिमर वापरत असाल तर साबणाचं पाणी लांब ठेवा. साबणातली अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) लागली की हिरवा थर निळा पडतो आणि वीज वाहायची थांबते. सौम्य आम्लात बुडवल्यावर बहुधा परत येतो. पॉलिअॅनिलीन घरी बनवायच्या भानगडीत पडू नका, कच्चा माल असलेलं अॅनिलीन विषारी आहे.

आणि खोक्यावर 'पूर्ण विघटनशील' लिहू नका. कागद कुजतो, पेडॉट सहजी कुजत नाही. आम्ही तसं लेबल छापलं होतं. आता त्यावर 'कागदी तळ' एवढंच आहे.