जोडीदार नसेल तर सर्व्हिस घोटवा

“ताई, हिला टेबल टेनिसमध्येच करिअर करायचंय, पण इथं हिच्याशी खेळणार कोण?” रत्नागिरीत दर जूनला हा प्रश्न मला कुणाची तरी आई विचारतेच. खोटं नाही. पाऊस लागला की लांजा, संगमेश्वरकडच्या मुलींचं येणं थांबतं आणि हॉलमध्ये मी, दोन मुली आणि गळकं छप्पर एवढंच उरतं. मी सांगते, सर्व्हिस घोटवा. समोर कुणी नसताना जसाच्या तसा शिकता येतो असा हा एकच फटका.

आधी टेबलही नको. पडवीत फरशीवर गुडघे टेकून बसा. मूठ आवळू नका. रॅकेट अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, बाकीची बोटं सैल. चेंडू वर उडवा आणि खाली येताना घावनाखाली उलथनं सारावं तसं रबर त्याच्या पोटाखालून सारा. टक् असा आवाज आला तर चेंडू मारलात. नुसतं सर्र झालं तर घासलात, आणि तेच हवंय. नीट घासलेला चेंडू हातभर पुढे जातो, घुटमळतो आणि आपणहून परत येतो. पहिले आठ दिवस तो अंगणातच पळेल. आजी विचारेल, “गो, गोट्या खेळतंस काय?” खेळू द्या. दहांतले सात परत यायला लागले की टेबलाकडे वळा.

टेबलावर पलीकडच्या बाजूला, नेटपासून दीडएक वीत अंतरावर करवंटी ठेवा आणि तिच्या आसपास चेंडू पाडा. कुणी अडवला नाही तर तो पलीकडे दोनदा पडायला हवा. एकदाच पडून बाहेर गेला, तर समोरचीला टॉपस्पिनचं, म्हणजे चेंडू पुढे फिरवत मारायच्या जोरदार फटक्याचं, आमंत्रणच. लांब सर्व्हिसला पहिला टप्पा आपल्या कडेजवळ घ्या, आखूडला त्याच्या बराच पुढे. रोज 200, आणि किती चुकल्या ते वहीत लिहा. बरोबर आलेल्या मोजायच्या नाहीत, त्याने फुशारकी वाढते.

नियम पहिल्या दिवसापासून पाळा. तळहात उघडा, चेंडू त्यावर स्थिर, टॉस सरळ वर आणि किमान 16 सेंटिमीटर. नेट 15.25 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे त्याहून जरा जास्त. टॉस झाला की मोकळा हात लगेच बाजूला. हे मी पोळून शिकलेय. आमच्या वेळी हाताआड चेंडू लपवून सर्व्हिस चालायची आणि माझा सगळा रुबाब तिच्यावर. 2002 मध्ये नियम बदलला. मी सवय बदलली नाही. एका स्पर्धेत पंचांनी पुन्हा पुन्हा फॉल्ट दिला आणि जिंकत आलेला गेम हातचा गेला. पंचांचं काही चुकलं नव्हतं.

पुढची वाट सगळ्यांना ठाऊक असते: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, मग रेल्वे, पेट्रोलियम किंवा रिझर्व्ह बँकेच्या संघातून नोकरी. 2017 पासून अल्टिमेट टेबल टेनिसची लीगही आहे. सुतीर्था आणि अयहिका मुखर्जींनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चिनी जोडीला हरवून पुढे कांस्यपदक मिळवलं, तो सामना मुलींना जरूर दाखवा. मात्र रॅलीत रंगू देऊ नका, सुरुवातीचे दोन-तीन फटके बघायला लावा.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी, दमट हवा. ओल्या रबरावरून चेंडू घासला न जाता घसरतो, आणि पोरीला वाटतं आपलंच मनगट बिघडलं. म्हणून सर्व्हिस फसली की आधी रबरावर बोट फिरवून बघा. दर दहा सर्व्हिसनंतर रबर आणि चेंडू दोन्ही सुती फडक्याने पुसा. औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, रॅकेटच्या कव्हरात ठेवा. नवं रबर चिकटवायचं असेल तर आगोटीबरोबरच, मिरगाआधी उरका. गोंद पांढऱ्याचा पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय रबर ब्लेडवर, म्हणजे रॅकेटच्या लाकडावर, ठेवायचं नाही, आणि जुलैत त्याची वाट बघता बघता भात शिजून होतो.