कोयोटी आणि हरणं: जमीनमालकांनो, या चुका टाळा

जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना या अमेरिकी राज्यांत स्वतःच्या रानात पांढऱ्या शेपटीची हरणं राखणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: माद्या दिसतात, पाडसं दिसत नाहीत. संशय कोयोटीवर (लांडग्याच्या कुळातला, त्याहून लहान असा उत्तर अमेरिकी शिकारी प्राणी) जातो आणि तो बहुतेकदा खराही असतो. पण उपाय करताना घोळ होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे माद्यांची शिकार पूर्वीइतकीच चालू ठेवून फक्त कोयोटी मारत सुटणं. दक्षिण कॅरोलिनातल्या सव्हाना रिव्हर साइटवर (सरकारी अणुप्रकल्पाचं मोठं, जंगली आवार) संशोधकांनी सलग ३ वर्षं कोयोटी हटवले. त्याआधी जेमतेम पाव पाडसं जगत होती. पहिल्या वर्षी निम्मी जगली, दुसऱ्या वर्षी आकडा पुन्हा सुमारे २० टक्क्यांवर घसरला, तिसऱ्या वर्षी परत चढला. एवढ्या कष्टाचं फळ इतकं बेभरवशाचं! रिकाम्या झालेल्या इलाख्यात भटके कोयोटी लगेच शिरतात. त्यामुळे पाडसं कमी दिसू लागली की आधी माद्यांवरची बंदूक आवरा. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि पूर्णपणे तुमच्या हातातला आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हरणांची शिकारच बंद आहे, इथली चर्चा परवान्यानं होणाऱ्या तिथल्या हंगामी शिकारीची आहे.)

सापळे लावायचेच असतील तर हिवाळ्यात नको. तेव्हा मोकळी झालेली जागा पाडसं जन्मेपर्यंत भरून जाते. पाडसं जन्मण्याच्या तोंडावर लावलेले सापळेच काही उपयोगाचे. राज्याचे नियम मात्र आधी पाहा.

कोयोटीच्या विष्ठेत हरणाचे केस सापडले म्हणजे कोयोटीनंच मारलं, असं धरू नका. शिकारी हंगामात मागे टाकलेली आतडी आणि जखमी होऊन मेलेली हरणंही तो खातो.

पाडस पहिले काही आठवडे पळत नाही, गवतात दबून बसतं. म्हणून झाडोरा महत्त्वाचा. पाइनच्या रानात गवत-झुडपं मुद्दाम जाळायची तिथे पद्धत आहे, पण सगळं गवत एकदम जाळून टाकलं तर त्याला लपायला जागाच उरत नाही. तुकडे पाडून आळीपाळीनं जाळा.

आणि मोजणी अंदाजानं करू नका. उन्हाळा सरताना, पाडसं आयांबरोबर हिंडू लागल्यावर, ट्रेल कॅमेरे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे) लावा आणि मादीमागे पाडसं किती ते दरवर्षी, त्याच जागी, त्याच पद्धतीनं नोंदवा. पुढच्या हंगामात किती माद्या मारायच्या, हे त्या नोंदीवरून ठरवा.